ज्वालाबेटाचं पहिलं माप

सांगा पाहू, भरवसा ठेवावा तर कुणावर? गोड बोलणाऱ्या राजावर, की कडू बोलणाऱ्या पाखरावर? चार बाजार पालथे घातलेला माणूसही इथे फसतो. ऐका तर.

एका राज्यात वज्रभानू नावाचा राजा होता. एकदा तो ज्वालाबेटावर सहलीला गेला. हिरवं रान पाहिलं, गरम कुंडात न्हाला, आणि येताना आगीच्या डोंगराच्या तोंडावरला एक काळा दगड उचलून घेऊन आला. शोभेला म्हणून. आता शोभेची वस्तू फुकट मिळाली की तीच सगळ्यांत महाग पडते. त्या दिवसापासून दर वर्षी नगरातलं एक माणूस दगड होऊ लागलं. सातव्या वर्षी पाळी आली सगुणेची, चुलीपुढे भाकरी थापता थापता.

सगुणेचा नवरा हरबाजी हा राजाच्या कोठारावरचा मापारी. दिवसभर धान्याची शेकडो मापं मोजून द्यायचा, घरी येऊन दोन ताटं वाढायचा. एक जेवायचा, एक झाकून ठेवायचा. शेजारी म्हणत, मापारी असून घरचंच मोजणं चुकतो. 

सात-आठ महिने असं चाललं. मग दगड आला त्या दिवसापासूनचा हिशेब त्याला जुळला, आणि त्यानं राजाकडे तो दगड मागितला, बेटाला परत करायला. राजानं दिला, वर पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "किनाऱ्यावर टाक आणि मागे फीर. डोंगर चढू नकोस. तुझ्या जिवाची काळजी वाटते रे."

होडी काळ्या वाळूला लागली. पुढे माणसाहून उंच नेच्यांचं रान, कड्याकड्यावरून लोंबणारे धबधबे, आणि सगळ्यांच्या वर धुरकटलेलं शिखर. एवढी शोभा, पण 'ते बघ' म्हणायला शेजारी कुणी नाही. हरबाजीला चुलीपुढली सगुणा आठवली. त्यानं दगड टाकायला हात उचलला, तोच फांदीवरचा मोठ्या चोचीचा धनेश पक्षी बोलला.

"आला का दुसरा चोर?"

"चोर नव्हे. परत द्यायला आलो."

"मग फेकतोस काय? उचलला तिथे ठेव. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. काळ्या वाळूचं एक माप घे, उकळत्या कुंडाचं एक, धबधब्याचं एक. सांडलंस तर तूही दगड."

हरबाजीनं क्षणभर विचार केला. राजानं सोपं सांगितलं होतं, पाखरानं अवघड. त्यानं पाखराचं ऐकलं आणि वेळूचे तीन नळे कापले. वाळूनं तळवे भाजले. कुंडावर हात पोळला. धबधब्याखाली निसरड्या कातळावर दोनदा आपटला, पण नळा आपटू दिला नाही.

डोंगराच्या तोंडाशी ज्वालावती बसली होती, बेटाची राणी. हरबाजी तिच्यापुढे एकेक नळा ओतू लागला आणि सवयीनं मोजू लागला. "लाभ... दोन... तीन."

जमीन हादरली. "एक कुठे गेला? तुझ्या राजानंही असाच एक पळवला."

"आई, आम्ही मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. एक म्हटलं की ते एकटं पडतं. लाभ म्हटलं की मागून दुसरं येतं."

जमीन हादरायची थांबली.

"बेट बघायला हजार जण आले," ती म्हणाली. "मला भेटायला कुणी आलं नाही. मला मोजशील?"

त्यानं काळा दगड त्याच्या जागी ठेवला, राणीला हात जोडले आणि म्हणाला, "लाभ." धनेश उडत आला आणि तिच्या खांद्यावर बसला. "दोन." मग हरबाजीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तीन." शिखरावरचा धूर विरला.

त्याच घटकेला नगरातली सातही माणसं उठून आपापल्या कामाला लागली. वज्रभानूलाही आपली चूक कळली. तो दर वर्षी बेटावर जाऊ लागला, राणीशी दिवसभर बोलत बसे आणि काहीही न उचलता हात झाडून परत येई.

हरबाजी घरी पोचला तेव्हा सगुणा तव्याकडे बघत होती. "भाकरी करपली की हो," ती म्हणाली. त्यानं दोन ताटं वाढली. दोन्ही रिकामी झाली.

तर ऐकणाऱ्यांनो, एवढं करा. हिशेब खरा ठेवा. जिथून जे उचललं ते तिथल्या नावावर मांडा, आणि मोजायला बसाल तेव्हा पहिल्याला एकटं सोडू नका.