हंगामी काड्या

त्या राज्यात एकच उंबराचं झाड होतं आणि त्यावर समुद्रापलीकडून आलेल्या बगळ्यांचा अंमल होता. शेंडा बगळ्यांचा. खालच्या फांद्यांवर झाडाचेच पक्षी चाकरीला. उंबरं टिपायची आणि वर पोचवायची. त्यांत काही कायम होते, काही हंगामी. काम दोघांचं एकच. पण कायम पक्ष्याचं घरटं राहायचं आणि हंगामी पक्ष्याचं हंगाम सरला की कावळे येऊन मोडायचे. दुसऱ्या सकाळी त्याला पुन्हा बोलावणं यायचं आणि तो नव्याने रुजू व्हायचा. बढती द्यायची ती घरट्याच्या जुनेपणावर, म्हणजे हंगामी पक्षी जन्मभर नवाच. काय एकेक डोकी असतात!

होला कायम होता, साळुंकी हंगामी. दोघं एकाच दिवशी चाकरीला लागलेली. मोडलेल्या घरट्याच्या काड्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्या शेजारच्या कायम पक्ष्याला मिळत. होल्याचं घरटं तिच्याच काड्यांनी जाडजूड झालं होतं.

"साळूताई, मला फार वाईट वाटतं हो," तो दर हंगामाला म्हणे.

"वाटू दे. ती बाभळीची काडी तेवढी कडेला लावा, होलेराव. बोचेल."

त्याला खरंच वाईट वाटायचं. काड्याही तो घ्यायचा.

त्या वर्षी वरची एक फांदी रिकामी झाली आणि त्याच सुमाराला साळुंकीने अंडं घातलं. हंगाम सरत आला होता. घरटं मोडलं तर अंडं गेलंच. ती होल्याकडे आली.

"बढती तुम्हीच घ्या. फक्त साहेबांना सांगा, की तळाच्या काड्या माझ्या आहेत. तेवढ्या जुनेपणावर मी कायम होईन. घरटं राहील माझं."

"सांगतो ना! हे काय विचारणं झालं?" होला म्हणाला. त्या घटकेला तो मनापासून बोलत होता.

बगळेसाहेब आले. लांब मान घालून त्यांनी होल्याचं घरटं तळापर्यंत न्याहाळलं.

"जुनं आहे. सगळ्या काड्या तुझ्याच ना?"

होल्याने साळुंकीकडे पाहिलं. ती अंड्यावर बसून त्याच्या चोचीकडे बघत होती. तळाच्या काड्या तिच्या ठरल्या, तर आपलं घरटं नवं ठरेल, हे होल्याला त्याच क्षणी सुचलं. मेल्याला नेमकं तेव्हाच सुचलं!

"माझ्याच, साहेब."

साळुंकीने मान वळवून अंडं पंखाखाली ओढलं.

होला घरट्यासकट वरच्या फांदीवर गेला. तिथून शेंडा स्पष्ट दिसत होता. शेंड्यावर घरटं एकही नव्हतं. बगळे ऋतू पालटला की आपल्या देशी जाणारे. त्याला साळुंकीला हे सांगावंसं वाटलं, पण आता कुठल्या तोंडाने सांगणार?

हंगाम सरला. दुसऱ्या सकाळी कावळ्यांनी मोडलेल्या काड्या रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे आणून टाकल्या. मऊ गवताच्या गुंडाळीत अंडं तसंच होतं.

"हे कुणाचं?" होल्याने विचारलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

"कुणाचंच नाही, साहेब. खालची साळुंकी तर आज रुजू होतेय. तिचं कालचं अंडं असेल कसं?"

कावळे गेले. होला अंडं घरट्यात घेऊन त्यावर बसला. बाभळीची काडी पोटाला बोचत होती, पण तो हलला नाही.

तेवढ्यात खालच्या फांदीवरून, नव्याने लागलेल्या पक्ष्याने द्यायची ती वर्दी ऐकू आली.

"साळुंकी, साहेब. नवीन आहे."

त्याच्या पोटाखाली अंड्याच्या आतून कुणीतरी टकटक केली.