सारजाच्या बाटलीतला काढा

"गावात एकानंही विश्वास ठेवला नाही माझ्यावर. तुम्ही तरी ठेवणार का, बाबा?"

सारजा मठीच्या अंगणात शिरली ती हे विचारतच. बसली नाही, पाणी मागितलं नाही. पदराखाली शेळीचं करडू, मागं दोरीला त्याची आई, आणि तोंडात शेजारणीच्या नावानं शिव्या.

ओढ्याकाठच्या या मठीत रेवणनाथ गोसावी राहत. जनावरांना झाडपाल्याचं औषध देत. सगळे त्यांना बाबा म्हणत. सारजा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता गल्लीत कोंबडी झुरायला लागली की आधी सारजाला बोलावणं यायचं, आणि हे ती जाईल तिथं सांगायची.

झालं ते तिनं एका दमात ओकलं. शेळीला तीन करडं झाली, त्यातली दोन मेली. सकाळी उड्या मारत होती. दुपारी तोंडाला लाळ, अंगाला कापरं, पाय लटपट, आणि संपली. हे दुखणं नव्हे, विष. आणि विष घालणारी शेजारची मंजुळा, दुसरं कोण? शेळी तिच्या मेथीत शिरली होती ना. सरपंच म्हणाला, गारठ्यानं गेली असतील. नवरा म्हणाला, तू गप बस. आता तिसरंही तसंच करायला लागलंय.

"उद्या देवळापुढं सगळ्यांना बोलावलंय मी. तुम्ही नुसतं नाव घ्या. तुमचा शब्द कोण मोडतंय? मंजुळाच्या दारात कुत्रंसुद्धा जाणार नाही, बघा."

बाबांनी हात पुढं केले. करडू मांडीवर घेतलं, पापणी वर करून पाहिली. मग त्याच्या पाठीचा वास घेतला.

पुन्हा घेतला.

"विषच आहे," ते म्हणाले.

सारजा मटकन खाली बसली. ती भांडायच्या तयारीनं आली होती. कोणी हो म्हणेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला रडूच फुटलं.

बाबांनी पाणी कोमट केलं. रिठ्याच्या फेसानं करडू धुतलं, परत धुतलं, फडक्यानं कोरडं करून उन्हात ठेवलं. शेळी चाटायला धावली तर तिला ओढून लांब खुंटीला बांधली. तिच्याही तोंडाला फेस होता. रागाच्या भरात सारजानं तो पाहिलाच नव्हता.

"गोचिड होते का पिल्लांना?"

"भरले होते. मी काय सोडते होय त्यांना?"

तिनं पिशवीतून बाटली काढून ऐटीत पुढं धरली. तंबाखूच्या पानांचा काढा. बाबांनी बैलासाठी मूठभर पानांचा शिकवला होता, हिनं अख्खी जुडी उकळली होती. करडांना कानापासून शेपटीपर्यंत चोळला, रोज चोळला. दुकानातली पावडर आणणाऱ्या बायकांना ती नावं ठेवायची, तेही तिनं सांगून घेतलं.

"आपलं सगळं झाडाचं, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना, पाल्यानं कधी कुणाचं वाईट होत नाही, हात आखडू नको म्हणून."

"म्हणालो होतो..."

बाबांनी एक वाटी घेतली. काढा ओतला. काळा, दाट. आणि वाटी सरळ ओठांना लावली.

सारजानं झेप घेतली. हाताचा असा फटका दिला की वाटी पायरीवरून खणखणत खाली गेली.

"मरायचंय का? विष आहे ते."

बोलून गेली. तोंड तसंच उघडं राहिलं.

...

लांब बांधलेली शेळी करडाकडं बघून हवेत जीभ फिरवत होती.

सारजा तिच्याकडं बघत राहिली. मग आपल्या हातांकडं. बोटं पिवळी पडली होती. नाकापाशी नेली आणि झटकन लांब केली, जसे काही ते हात दुसऱ्याच बाईचे होते.

"मी तिच्या पोरांच्या तोंडावर बोलले, बाबा. तुमची आई विष घालते म्हणाले. मंजुळा दार लावून बसलीय कालपासून..."

बाबांनी करडाच्या पाठीवरून हात फिरवला.

करडानं मान उचलली. टाकली. पुन्हा उचलली.

सारजा उठली. कासोटा घट्ट केला, डोळे पुसले. कशीही असली तरी ती पळणारी बाई नव्हती.

"उद्या देवळापुढं मीच उभी राहते. सारजानं मारली म्हणून सांगते."

बाबांनी मान हलवली. नाही.

"मग कुणाचं नाव घेऊ?"

"मी येतो उद्या. मंजुळाला सगळ्यांत पुढं बसव, आधी तिच्या पाया पड. आणि मग माझ्याकडं बोट करून मोठ्यानं सांग, करडं कुणी मारली... रेवणनाथ गोसाव्यानं."