तांबूला कच्चं घालायचं

माळाच्या कडेला एक गाव होतं. तिथे म्हाळू नावाचा फार भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. बायको कोंडाबाई म्हणाली, 'जरा दूध बघा', तर तो चुलीपुढे बसून दूध बघायचा. ते उतू गेलं, तरी बघायचा.

कोंडाबाईचा थोरला भाऊ येसबा मेंढपाळ होता. दोन कोसांवर त्याचा मेंढ्यांचा तळ होता. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली, तेव्हा त्याने एक तांबडं पिल्लू म्हाळूला दिलं. म्हाळूने त्याचं नाव ठेवलं तांबू. आपल्याला बघून कुणी आनंदाने नाचतं, हे म्हाळू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. तो तांबूला आपल्या पटक्यात झोपवायचा आणि स्वतः बोडक्या डोक्याने उन्हात फिरायचा.

काही दिवसांनी येसबा आला. त्याने पिल्लाच्या बरगड्या चाचपल्या आणि तोंड वाकडं केलं.

"दूधभाकरी बंद करा, दाजी," तो म्हणाला. "उद्यापासून कच्चं घाला. पंधरा दिवसांनी येतो. तेव्हाही बरगड्या हाताला लागल्या, तर पिल्लू परत नेईन."

रात्रभर म्हाळू 'कच्चं, कच्चं' असं घोकत राहिला.

सकाळी उठून त्याने पीठ मळलं, भाकरी थापली आणि तव्यावर न टाकताच तांबूपुढे ठेवली. शेजारी न तापवलेलं दूध ठेवलं. तांबूने मोठा घास घेतला आणि त्याचं तोंड चिकटलं. तो भुंकायला गेला, तर नुसतं 'म्म' असं वाजलं. कोंडाबाईने बोटाने पीठ खरवडून काढलं. मग नवऱ्याला समजावलं, की कच्चं म्हणजे कच्चं मटण, आणि बाजारातून आणलेलं काहीही आधी तीन पाण्यांतून धुवावं.

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला गूळ आणायला पाठवलं. त्याने गूळ आणला आणि तीन पाण्यांतून धुतला. पहिल्या पाण्यात गूळ अर्धा झाला. दुसऱ्यात सुपारीएवढा राहिला. तिसऱ्या पाण्यानंतर म्हाळूचे हात तेवढे गोड राहिले. कोंडाबाईने कपाळाला हात लावला. अशी वस्तू फडक्यात घट्ट बांधून फडताळात ठेवायची असते, असं तिने सांगितलं.

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

पुढच्या बाजाराला तो तांबूसाठी कोंबडी घ्यायला गेला. खाटकाने विचारलं, कापून देऊ का? म्हाळूने बराच विचार केला. पिल्लाला कच्चं हवं होतं. समोरची कोंबडी चालत होती, बोलत होती. याहून कच्ची कोंबडी कुठे मिळणार? त्याने ती तशीच घेतली, घरी आणून फडक्यात बांधली आणि फडताळात ठेवली.

दुपारी फडताळ ओरडू लागलं. कोंडाबाईने दार उघडलं. कोंबडी बाहेर, लोणच्याची बरणी खाली. फडक्यात एक अंडं होतं, ते तांबूने खाल्लं. इतक्या दिवसांत त्याच्या पोटात धड गेलेलं तेवढंच.

कोंडाबाई म्हणाली, "अहो, खाणाऱ्याचं खाणं असं कोंडून ठेवतात का? अंगणात मोकळं सोडावं, पसरून टाकावं, ये-ये करावं."

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने खिमा आणला, अंगणभर पसरला आणि मोठ्याने 'ये, ये' केलं. गावातली अकरा कुत्री आली. तांबू म्हाळूच्या खांद्यावर चढून बसला आणि तिथूनच त्यांचं जेवण बघत राहिला.

शेजारी जनावरांचे डॉक्टर म्हशीला सुई टोचायला आले होते. त्यांना म्हाळूची दया आली.

"म्हाळू, पिल्लाला नवं एकदम द्यायचं नसतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तीन हिस्से जुनं, एक हिस्सा नवं. मग दोनाला दोन. असं करत आठवड्यात सगळं नवं. एकदम बदललं की पोट बिघडतं."

हे म्हाळूला इतकं पटलं, की त्याने बोटांवर तीनदा मोजून पाहिलं. पण त्याच दिवशी पंधरा दिवस भरले होते. येसबा आला. त्याने बरगड्या चाचपल्या, तांबूला घोंगडीत घातलं आणि तळाची वाट धरली.

म्हाळू खूप रडला. मग रडता रडता थांबला आणि विचार करू लागला. तो विचार करायला लागला, की कोंडाबाईला धडकी भरायची.

येसबा तळावर पोचून जेवायला बसतो न बसतो, तोच समोर म्हाळू उभा. डोक्यावर वळकटी, काखेत कोंबडी. मागे कोंडाबाई, भावाला काय काय ऐकवायचं ते पुटपुटत.

"पाव्हणं, एकदम बदल झाला तर तांबूचं पोट बिघडेल," म्हाळू म्हणाला. "म्हणून तीन जुने आलोय. मी, कोंडाबाई आणि कोंबडी. नवे तुम्ही एकटे. उद्या दोनाला दोन. कोंबडी घरी जाईल, तिच्या जागी वहिनी येतील."

चुलीपाशी बसलेल्या येसबाच्या बायकोने कोंबडीकडे एकदा नीट बघून घेतलं.

म्हाळू जेवायला बसला. त्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि आठवडाभर बेत काय काय आहेत ते विचारलं. येसबाने हात जोडले.

"दाजी, पिल्लू तुमचंच. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

"आत्ता? एकदम?" म्हाळू घाबरला. "आता तो इथला झाला. म्हणजे इथले तीन जुने बरोबर न्यायला हवेत. तुम्ही, वहिनी आणि एक मेंढी."

आणि कुणी काही म्हणायच्या आत, तांबूला कडेवर घेऊन, एक मेंढी काढायला म्हाळूने कुंपणाची जाळी उघडली. पहिली मेंढी निघाली. तिच्यामागे दुसरी निघाली. दुसरीमागे तिसरी.

दिवस मावळायच्या आधी गावाने पाहिलं. पुढे म्हाळू, कोंडाबाई आणि तांबू, त्यांच्यामागे सव्वाशे मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मागे ओरडत पळणारा येसबा.

"जुनं जरा जास्तच झालं," म्हाळू कोंडाबाईला म्हणाला. "पण आता याचं पोट काही बिघडत नाही."