वत्सलावहिनींचा झोपाळा

मी फर्निचरवाला, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळणारा. पण आंजर्ल्याच्या वत्सलावहिनींपुढे हात टेकले!

पर्यटकांना भाड्याने द्यायला त्यांनी घर सजवलं होतं. बुकिंग कंपनीचे टिपणीससाहेब तपासणीला आले, ओटीवरच्या जुन्या झोपाळ्यावर टेकले आणि झोके घेत गरजले, “हे भंगार काढा! सोफा नाही, तर बुकिंग नाही. यावर कोण पाहुणा बसणार?”

मी खूश! दाखवायला आणलेला माझा कोरा सोफा समोरच मांडला होता.

वहिनींनी चहा पुढे केला. “साहेब, सोफा रिकामाच आहे की. मग आल्यापासून तुम्ही त्यावर का नाही बसलात?”

झोपाळा थांबला. साहेब ओशाळून हसले आणि मंजुरी देऊन टाकली.

सोफा टेम्पोत परत चढवताना मी मनोमन नमस्कार केला. जन्मभर मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत आलो. या माउलीने मात्र माणूस बूड कुठे टेकतो ते बघितलं!