भुरीची खाज

मांजरं माणसांना तोंडावर उत्तर द्यायची, त्या काळातली गोष्ट. पोह्यांच्या एका गिरणीत भुरी नावाची मांजर होती. तिला अशी खाज सुटली की मानेवरचे केस गेले. दबा धरून बसली की मागचा पाय आपसूक कानामागे जायचा, अन् खर्र खर्र ऐकून उंदीर पसार व्हायचे.

गिरणीवाली द्रौपदाबाई म्हणाली, "भुरे, महिन्यात उंदीर धरला नाहीस तर नदीपलीकडे सोडीन."

"सोड की. पण महिना पुरा मोज," भुरी म्हणाली.

तिनं पोत्यावर झोपणं सोडलं. खाज तशीच. मग दूध सोडलं. खाज तशीच. उरली सुकट. म्हातारा उंदीर रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी तिच्यासाठी चार सुक्या मासोळ्या ठेवायचा. "घ्या मावशी, शेजारधर्म आहे," म्हणायचा. जिभेला गोड लागतं त्याच्यावर संशय कोण घेतो? पण भुरीनं घेतला. तोंडाला पाणी सुटायचं, तरी ती सुकट उचलून ओढ्यात टाकायची.

तीन आठवड्यांत खाज थांबली. कुणाला बोलली नाही. त्या सकाळी पोत्याआड बसून राहिली.

म्हातारा सुकट घेऊन बाहेर आला. कान टवकारले. कुठंच खर्र खर्र नाही. मागच्या पिल्लांना म्हणाला, "या बिनधास्त, मावशी इथं नाही. ती खाते तोवर खाजवते, अन् खाजवते तोवर आपण जगतो."

त्या दिवशी पाय कानामागे गेला नाही. पंजा पुढं गेला.