हत्तीलाही मिळाला वानवळा

सांगा बरं, ज्याचं नाव काढताच राजा नाक मुरडतो, तो पदार्थ त्याच राजाला मागायला लावायचा कसा? आणि तोही स्तुतीचा एक शब्द न उच्चारता!

टेकापूरच्या सगुणा माळणीपुढे हेच कोडं येऊन पडलं होतं.

झालं होतं असं, की रायभान राजानं सज्जातून एक आरोळी ऐकली. "कलिंगड घ्या कलिंगड! नुसती साखर!" तोंडाला पाणी सुटलं, कलिंगड आणवलं, कापलं, तर आत पांढरंफटक आणि चवीला पाणी! राजा भडकला. "आरोळ्या मारून भोळ्या लोकांना भुलवता? आजपासून बाजारात आरोळी बंद! जो ओरडेल त्याची पाटी जप्त!"

बाजार मुका झाला. गिऱ्हाईक मान खाली घालून निघून जाई, भाजी पाट्यांतच सुकून जाई. शेवटी सगुणा उठली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, एका कलिंगडापायी सगळ्यांचं तोंड का बांधता?"

"लोक आरोळीला भुलतात म्हणून!"

"लोक आरोळीशिवायही भुलतात, महाराज."

"लोक भुलत असतील, मी नाही!" राजा गरजला. "मला दोडका मुळीच आवडत नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत मी स्वतःच्या तोंडानं दोडका मागितला, तर बंदी उठली. पण तू ओरडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, दोडक्याचं कौतुक करायचं नाही. हरलीस तर पाटी उचलून दुसरं गाव बघायचं!"

"बरं, महाराज," सगुणा म्हणाली. घरी जाताना मात्र ती मळ्याच्या बांधावर थांबली. गाव सोडायचं म्हणजे मळा सोडायचा!

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्याच्या दारात चूल मांडून बसली. दोडके घेतले, त्यांच्या शिरा काढल्या, बारीक चिरल्या आणि तेलावर कुरकुरीत परतून त्यात तीळ, खोबरं, मिरची, मीठ घालून चटणी केली.

सज्जातून राजा खो खो हसला. "अगं, सालं कसली परततेस? ती गुरांना घालतात!"

"होय, महाराज," सगुणा म्हणाली आणि वाट्या भरायला लागली.

आता टेकापुरात एक रीत होती. घरात नवं काही झालं की शेजारी वाटीभर द्यायचं, त्याला वानवळा म्हणायचं. वाटी रिकामी परत करायची नाही. आणि वानवळा कुणी मागून घ्यायचा नाही, तो आपणहून यायचा असतो.

पहिली वाटी पहारेकऱ्याला. कुरुम, कुरुम! वाटी परत आली ती लिंबू घेऊन. दुसरी वाटी प्रधान दाजीबांना. कुरुम, कुरुम! वाटीत गुळाचा खडा आला. तिसरी वाटी आत राणीसाहेबांकडे. तिच्यात मोगऱ्याची फुलं आली, वर निरोप, "अजून थोडी असली तर बघ."

राजा सज्जात येरझाऱ्या घालू लागला.

"प्रधानजी, काय खाताय?"

"दोडक्याच्या शिरांची चटणी, महाराज."

"शी!" राजा आत गेला. लगेच बाहेर आला. "कशी लागते?"

दाजीबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी नुसते डोळे मिटले.

तेवढ्यात सगुणा बिनमिरचीची वाटी घेऊन हत्तीखान्याकडे निघाली. हत्तीनं सोंडेनं वाटी साफ केली आणि मोठ्या ऐटीत उसाचं कांडं तिच्यात ठेवलं!

राजा धाडधाड जिना उतरून खाली आला.

"हत्तीलासुद्धा?"

"तो शेजारी पडला ना, महाराज!"

"आणि आम्ही? आम्ही कुठं डोंगरापलीकडे राहतो?"

"तुम्हीही शेजारीच की!"

"मग?"

"मग काय, महाराज?"

राजानं ओठ घट्ट मिटले. सूर्य कलला होता. सगुणानं शेवटची वाटी भरली आणि माहुताला हाक मारली. माहूत हात पुसत आला. वाटी त्याच्या हाती पडणार, एवढ्यात राजा ओरडला, "आण इकडे ती वाटी! आधी मला दे!"

बघता बघता राजानं बचकभर चटणी तोंडात कोंबलीही होती. कुरुम... कुरुम... आणि मग त्याचे डोळे मोठे झाले.

"अगं ए! फसवलंस मला!"

"कुठं फसवलं? ओरडले का मी?"

"नाही."

"दोडक्याला चांगलं म्हटलं?"

"नाही."

"काय परततेय ते लपवलं?"

"तेही नाही! मग मला झालं काय?"

"सगळ्यांना मिळालं आणि आपल्याला नाही, एवढंच तुम्हाला टोचलं, महाराज. त्याला आरोळी कशाला लागते? उलट आरोळी आली की ऐकणाऱ्याला कळतं तरी, हा विकायला आलाय, जरा सांभाळून! आज मी गप्प बसले, म्हणून तर तुम्ही सावध राहिला नाहीत!"

राजा असा हसला, असा हसला, की त्याला ठसका लागला आणि राणीसाहेबांनाच पाणी घेऊन धावावं लागलं.

"बंदी उठली!" तो डोळे पुसत म्हणाला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं सगुणाच्या हातात ठेवलं. "आणि प्रधानजी, वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्या मळ्याशेजारची विहीरही आजपासून तिची!"

राजानं दोडका मागून खाल्ला, ही बातमी रातोरात घरोघर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर येण्याआधीच टेकापूरच्या बाजारातला सगळा दोडका संपला.