न पडणारी हरिणी

सागाच्या एका जंगलात एक हरिणी राहत असे, आणि तिच्याहून उंच उडी मारणारे त्या जंगलात दुसरे कोणीही राहत नसे. दर वर्षी थंडी सरली की तिथे उंच उडीची स्पर्धा भरे. दोन झाडांच्या खुंट्यांवर एक वेल आडवी ठेवायची. पाय लागला की ती खाली. म्हातारा वानर आपल्या हाताने विती मोजून वेल चढवी. पंच म्हणून कासव असे, कारण ते घाईघाईने निर्णय देईल अशी भीती कोणालाच नव्हती. जो जिंकेल त्याला वर्षभर पाणवठ्यावरच्या आवळीखाली पहिला मान. आता मुलांनो, नियम नीट ऐका. प्रत्येक उंचीला तीन संधी मिळत. पण बाकीचे सगळे बाद झाले तरी जिंकणाऱ्याने थांबायचे नाही. वेल एकेक वीत चढत राहायची आणि तोही तीनदा पडला, की मगच खेळ संपायचा. म्हणजे हरणारे पडून घरी जात आणि हरिणीही, जिंकून का होईना, पडूनच घरी जाई.

दर वर्षी ती अकरा विती ओलांडत असे. पण जंगलात बातम्या पोचवणाऱ्या कावळ्याने ते कधी पाहिलेच नाही. सकाळभर तो गावच्या उकिरड्यावर गुंतलेला असे आणि नेमका शेवटी येऊन टपके, बाराव्या वितीला. मग जंगलभर बातमी व्हायची, की यंदाही हरिणी सपशेल आपटली. बिचारी आठ-आठ दिवस आवळीखाली तोंड लपवून बसायची. तिला आवळे आंबट लागायचे. तसे ते सगळ्यांनाच लागतात म्हणा, पण तिला जास्त लागायचे.

अशा वेळी तिथे कोल्हा आला. त्याला कोणी काही विचारले नव्हते, पण सल्ला द्यायला त्याला विचारावे लागत नसे. "दर वेळी दुसरा येणारा ससा सात वितींपुढे जात नाही," तो म्हणाला. "तू आठ उड आणि पाय दुखतो म्हणून सांग. वेल चढवलीच नाही, तर पडशील कशी?" हरिणीला हे पटले. तिने आठ विती उडून लंगडायला सुरुवात केली. असे थांबणे नियमात बसते का, यावर कासव विचार करत बसले. त्याचा निर्णय पुढच्या वर्षी आला आणि तो हरिणीच्या बाजूने लागला.

चार वर्षे झाली. हरिणी एकदाही पडली नाही. सगळे तिला न पडणारी हरिणी म्हणू लागले आणि हे नाव तिला आवळीहूनही गोड वाटू लागले. पण एकदा असे नाव पडले, की ते सांभाळावे लागते. सरावात पडायला होते म्हणून तिने सराव सोडला. वाटेत ओंडका आडवा आला, तर ती वळसा घालून जाई. उगाच पाय अडकला आणि कोणी पाहिले, तर चार वर्षांची अब्रू धुळीला मिळायची.

पाचव्या वर्षी गावातून दावे तोडून आलेली एक शेळी स्पर्धेत उतरली. आठव्या वितीला ती पहिल्यांदा छातीवर पडली, दुसऱ्यांदा शिंगांवर पडली आणि तिसऱ्यांदा पलीकडे गेली. सगळे हसले, शेळी सगळ्यांत जास्त हसली. वानराने वेल नवव्या वितीला चढवली. शेळी पुन्हा दोनदा आपटून तिसऱ्यांदा पार झाली. आता हरिणीची पाळी आली. आवळीही पणाला होती आणि नावही. एके काळी अकरा विती उडालेली ती हरिणी धावत आली खरी, पण तिच्या पायांना आठापुढचे मोजणे आठवेना. एकदा पडली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा वेल गळ्यात घेऊनच पडली. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

जिंकलेली शेळी मात्र थांबली नाही. तिने दहावी वीत मागून घेतली आणि तिथे तीन वेळा मनसोक्त धूळ खाल्ली. हरिणीने तिला बाजूला घेऊन हळूच विचारले, की चारचौघांत अशी पडतेस, तर तुला लाज कशी वाटत नाही?

"लाजून कसं चालंल, ताई?" शेळी अंग झटकत म्हणाली. "कुंपणावरनं पडले, बांधावरनं पडले, पाटलांच्या छपरावरनं तर दोनदा पडले. रोज पडते, म्हणून रोज थोडी वर जाते. तू शेवटची कधी पडली होतीस?"

हरिणीने पुष्कळ आठवून पाहिले. आजच्या आधीच्या चार वर्षांतले एकही पडणे तिला आठवले नाही, आणि ही गोष्ट अभिमानाची नाही, हे तिला पहिल्यांदाच कळले. ती उठली. वानर खुंट्यांवरून वेल उतरवत होता. ती त्याच्यापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, वेल परत नऊ वितींवर ठेवा. उद्या सकाळपासून मला इथं पडायला यायचं आहे."

तात्पर्य : ज्याला पडायची लाज वाटते, तो आपली उंची आपणच कमी करून घेतो.